त्रिनिदादमध्ये शिफ्ट लावताना सुट्ट्यांची यादी कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणचा कारखाना सोडून तुम्ही त्रिनिदादला, पॉइंट लिसासच्या एका रासायनिक प्रकल्पात शिफ्ट सुपरवायझर म्हणून रुजू होताय. गेल्या गेल्या पुढच्या वर्षाचं शिफ्टचं वेळापत्रक लावायचं आहे. इंटरनेटवरच्या सुट्ट्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, दिवाळीची तारीख घरातल्या कालनिर्णयशी जुळत नाही आणि कार्निवल, म्हणजे तिथला रस्त्यावरचा मोठा उत्सव, कुठल्याच यादीत सापडत नाही. त्यावर तुम्ही एक तोडगा काढलाय: दिवाळीची सुट्टी हिंदूंना, ईदची मुसलमानांना, नाताळची ख्रिश्चनांना दिली की प्रकल्प बारा महिने चालू राहील. शेवटी विचारलंय, गणपतीला रजा मिळेल का?

मी त्याच औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात होते आणि चोवीस तास चालणाऱ्या प्रकल्पाच्या शिफ्ट लावणं हेच माझं मुख्य काम होतं. तारखांचा गुंता सुटण्यासारखा आहे, तो आधी सोडवू. तुमचा तोडगा मात्र तसाच नेऊ नका. तो का नको, हे सांगायला मला जास्त जागा लागेल, कारण खरी अडचण तिथे आहे.

कायद्याने ठरलेल्या सार्वजनिक सुट्ट्या वर्षाला १४. त्यातल्या नऊंच्या तारखा पक्क्या असतात: १ जानेवारी, ३० मार्च (स्पिरिच्युअल बाप्टिस्ट मुक्ती दिन), ३० मे (भारतीय आगमन दिन), १९ जून (कामगार दिन), १ ऑगस्ट (गुलामगिरीतून मुक्तीचा दिवस), ३१ ऑगस्ट (स्वातंत्र्य दिन), २४ सप्टेंबर (प्रजासत्ताक दिन) आणि २५ व २६ डिसेंबर. तीन सुट्ट्या ईस्टरवर अवलंबून: गुड फ्रायडे, ईस्टर मंडे आणि ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, नेहमी गुरुवारी येणारा कॉर्पस ख्रिस्ती हा कॅथलिक सण. ईस्टर कितीही वर्षं आधी काढता येतो, त्यामुळे या तारखाही आजच लिहून ठेवा. उरल्या दोन, दिवाळी आणि रमजान ईद. त्या चंद्रावर चालतात.

सुट्टी रविवारी आली तर सोमवार मिळतो. शनिवारी आली तर पदरात काही पडत नाही. याद्या जुळत नाहीत त्या इथून पुढे. फिरत्या तारखा स्थिर तारखांवर येऊन आदळतात. २०२४ मध्ये कॉर्पस ख्रिस्ती आणि आगमन दिन दोन्ही ३० मेला आले. २०२५ मध्ये कॉर्पस ख्रिस्ती नेमका १९ जूनला, कामगार दिनावर आला. त्याच वर्षी ३० मार्च रविवारी होता, म्हणजे सुट्टी सोमवारवर सरकणार, आणि ईदही त्याच एक-दोन दिवसांत. अशा वेळी कोणता दिवस कशाबद्दल मिळणार हे सरकारी अधिसूचना निघाल्यावरच कळतं. जानेवारीत कुणीतरी टाईप करून ठेवलेल्या यादीला हे माहीत असणं शक्य नाही. शिवाय सरकार कधीकधी एखाद्याच वर्षापुरती सुट्टीही देतं. १३ ऑक्टोबर २०१७ला बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ अशी सुट्टी होती. म्हणून सोळा आणे पक्की यादी शोधत बसू नका. बारा तारखा शाईने लिहा, दोन पेन्सिलने, आणि पेन्सिलच्या तारखांना अलीकडे-पलीकडे एकेक दिवस मोकळा ठेवा.

दिवाळीचं कारण साधं आहे. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी आश्विन अमावास्या आपल्याकडे दुपारी पावणेचारच्या पुढेमागे लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आसपास संपली. त्यामुळे आपल्याकडे दोन्ही संध्याकाळी थोडी थोडी अमावास्या होती, पंचांगकर्त्यांमध्ये वाद झाला, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, म्हणजे २०२४ला १ नोव्हेंबर आणि २०२५ला २१ ऑक्टोबर असं दिलं. हीच अमावास्या त्रिनिदादमध्ये सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपून जाते. प्रदोषकाळी अमावास्या असलेली संध्याकाळ तिथे एकच. म्हणून तिथे दिवाळी ३१ ऑक्टोबर २०२४ आणि २० ऑक्टोबर २०२५ला झाली. तिथली तारीख चुकीची नाही आणि आपलीही नाही. तुम्ही कालनिर्णय सोबत न्याच, पण शिफ्ट त्यावर लावू नका.

तर तारखांचं एवढंच: बारा पक्क्या, दोन पेन्सिलने, शेवटचा शब्द अधिसूचनेचा. आता तुमच्या तोडग्याकडे येते.

आपल्याकडे ऐच्छिक सुट्टी असते. केंद्र सरकारचा कर्मचारी लांबलचक यादीतून आपल्या दोन सुट्ट्या निवडतो. ज्याचा सण त्याची सुट्टी, बाकीचे कामावर. आपल्या डोक्यात हीच पद्धत बसलेली असते, आणि तुमचा तोडगाही तिथूनच आलाय. त्रिनिदादच्या यादीत तसला भाग नाही. यादीतली प्रत्येक सुट्टी सगळ्या देशाची. ईदला हिंदू घरी असतो, दिवाळीला कॅथलिक घरी असतो. चोवीस तासांच्या प्रकल्पात कुणाला तरी यावंच लागतं, आणि त्या कामाला जादा दर असतो. तो किती आणि बदली सुट्टी कशी, हे तुमच्या कंपनीच्या युनियनबरोबरच्या करारात असेल. ते कलम पहिल्या आठवड्यात वाचून घ्या, कारण यात कंपनीगणिक फरक पडतो आणि मी इथून काही सांगणं योग्य नाही. पण तत्त्व लक्षात ठेवा: दिवाळीला मुसलमान ऑपरेटरला तुम्ही बोलावता तेव्हा त्याचीही सुट्टी तुम्ही मागून घेताय.

लोक याबाबत हळवे का आहेत, हे कळायला या तारखा यादीत कशा आल्या ते पाहायला हवं. इंग्रजांच्या काळातली यादी ख्रिस्ती होती. देश १९६२ला स्वतंत्र झाला आणि १९६६पासून दिवाळी आणि ईद यादीत आल्या. १९८५ला कोलंबसच्या नावाची सुट्टी काढून तिथे गुलामगिरीतून मुक्तीचा दिवस आणला गेला. ३० मे १८४५ला फातेल रझाक हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजुरांना घेऊन कलकत्त्याहून तिथे पोचलं. त्या दिवसाला सुट्टीचं स्थान मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. १९ जून हा १९३७ साली युराया बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेलक्षेत्रातल्या कामगारांनी केलेल्या उठावाचा दिवस. प्रत्येक तारखेमागे कुणीतरी वर्षानुवर्षं केलेली मागणी आहे.

मला विचाराल तर या यादीतली सगळ्यात मोलाची तारीख ३० मार्च आहे, आणि भारतातून येणाऱ्या माणसाला नेमकी तीच माहीत नसते. स्पिरिच्युअल बाप्टिस्ट हा आफ्रिकी वळणाची उपासना करणारा ख्रिस्ती पंथ. १९१७ साली वसाहतीच्या सरकारने कायदा करून त्यांच्या सभांवर बंदी घातली. त्या कायद्यात काय काय गुन्हा ठरवलं होतं पाहा: डोक्याला पांढरं फडकं बांधणं, हातात पेटती मेणबत्ती धरणं, सभेत मधूनमधून घंटा वाजवणं, हातात फुलं घेणं, जमिनीवर पांढऱ्या खडूने खुणा करणं. ३० मार्च १९५१ला हा कायदा रद्द झाला, आणि १९९६पासून तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे. तुमच्या शिफ्टमध्ये या पंथाची एखादी बाई असेल आणि ती म्हणाली की ३० मार्चला मला नको, तर तो विषय तिथेच संपवा. डोक्याला पांढरं बांधून, हातात घंटा घेऊन उघड्यावर उभं राहता यावं म्हणून तिच्या माणसांनी चौतीस वर्षं वाट पाहिली. हे सांगताना आजही मला भरून येतं.

तोडग्याची दुसरी अडचण म्हणजे कुणाचा धर्म कोणता हे तुम्ही ओळखणार कसं? नावावरून ओळखता येत नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८६८पासून उसाच्या मळ्यांवरच्या भारतीयांत शाळा आणि चर्चं उभी केली, त्यामुळे रामकिसून आडनावाचा माणूस चार पिढ्यांचा ख्रिश्चन असू शकतो. एकाच घरात आई हिंदू, बाप कॅथलिक, सून पेंटेकोस्टल (हाही एक ख्रिस्ती पंथ) अशीही मंडळी पुष्कळ. २०११च्या जनगणनेत रोमन कॅथलिक २१.६ टक्के, हिंदू १८.२, पेंटेकोस्टल वगैरे १२, स्पिरिच्युअल बाप्टिस्ट आणि अँग्लिकन प्रत्येकी ५.७, मुसलमान ५. कुठल्याच गटाचं निम्म्याच्या जवळपासही बहुमत नाही. आडनावं पाहून शिफ्ट लावलीत तर चुकेलच, वर माणसं दुखावतील ती वेगळीच.

तिसरी अडचण सगळ्यात व्यवहारी. सण वाटून घेतलेले नाहीत. नाताळ तिथे सगळ्यांचा. हिंदू घरातसुद्धा नाताळच्या आदल्या रात्री नवे पडदे लागतात, ब्लॅक केक होतो, सॉरेलचं लाल सरबत होतं. त्यामुळे ‘हिंदूंना नाताळला बोलावू’ हा हिशेब जमत नाही. उलटही तसंच. सिपारियाच्या कॅथलिक चर्चमध्ये ला दिविना पास्तोराची, म्हणजे मेरीमातेची, सावळी मूर्ती आहे. हिंदू तिला सिपारी माई म्हणतात आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तिच्या दर्शनाला मोठी गर्दी करतात. त्या दिवशी हिंदू ऑपरेटर मोकळा असेल असं धरून चाललात तर फसाल.

मग मी काय करत असे, ते सांगते. सुट्टीचा अख्खा दिवस वाटायचा विचार मी सोडून दिला आणि त्या दिवसाचे तास पाहायला लागले. माणसाला सणाचे चोवीसच्या चोवीस तास क्वचितच लागतात. त्यातला एक प्रहर असा असतो की तो गेला तर सणच गेला. तो प्रहर राखला, तर उरलेल्या वेळात लोक आपणहून येतात.

दिवाळी तिथे संध्याकाळची. आपल्यासारखं पहाटेचं अभ्यंगस्नान आणि चार-पाच दिवसांचा पसारा नाही. तिथले हिंदू बहुतांश भोजपुरी मुलखातून गेलेले, त्यांची दिवाळी एका रात्रीत सामावलेली. बांबू चिरून, वाकवून कमानी उभ्या करतात आणि त्यावर मातीचे दिवे मांडतात. फेलिसिटीसारख्या गावात दिवे बघायला सगळ्या धर्मांचे लोक गाड्या काढून येतात. जेवण निरामिष, सोहारीच्या रुंद पानावर: रोटी, चणे-बटाटा, भोपळा, आंब्याची भाजी. शेजाऱ्यांना कागदी पिशवीतून मिठाई देतात, त्यात कुरमा असतो, म्हणजे साखरेत घोळलेली आपली शंकरपाळीच. हे सगळं दुपारनंतरचं. म्हणून हिंदू कामगार दिवाळीच्या दिवशी पहिली शिफ्ट आनंदाने करायचे. दुपारी दोनच्या ठोक्याला सुटायला मात्र हवं. त्या दिवशी हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या हाती काम सोपवायला, अर्धा तास उशीर झाला तर ती गोष्ट वर्षभर विसरली जात नाही.

ईद सकाळची. नमाज, मग घरोघर जाणं, आणि सवाईन, म्हणजे दुधातल्या शेवया. मुसलमान कामगारांना ईदच्या आदल्या रात्रीची शिफ्ट आणि ईदची सकाळ नको. संध्याकाळी सहानंतर बरेच जण तयार असतात. पण ईदपेक्षाही रमजानकडे जास्त लक्ष द्या. त्रिनिदाद विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्त वर्षभर साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो, आणि बारा तासांच्या शिफ्ट बऱ्याच ठिकाणी सहालाच बदलतात. म्हणजे रोजा सोडायची वेळ आणि हँडओव्हरची वेळ एकच. आम्ही त्या महिन्यात हँडओव्हर थोडा अलीकडे घ्यायचो. खर्च काहीच नाही, पण कामगारांना कळतं की वेळापत्रक लावणाऱ्याने आपला विचार केलाय.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन हा वेळ राखायचा. नाताळला आदल्या रात्रीची शिफ्ट, मध्यरात्रीच्या प्रार्थनेमुळे, आणि दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण. नवीन वर्षाला तर १ जानेवारीचा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. तिथे तिला ओल्ड इयर्स नाइट म्हणतात आणि त्या रात्री चर्चंही भरतात आणि पार्ट्याही. ती शिफ्ट कॅलेंडरवर सुट्टीत मोडत नाही, पण भरायला सगळ्यात अवघड तीच. १९ जूनची सकाळ युनियनच्या प्रतिनिधींना द्या, त्यांना फिझाबादच्या मोर्चाला जायचं असतं.

हे सगळं कळतं कसं? विचारून. पण धर्म विचारू नका. पुढच्या वर्षाचा कोरा तक्ता, सुट्ट्या आणि त्यांच्या आदल्या रात्री शिफ्टनिहाय मांडून, नोव्हेंबरमध्ये नोटीस बोर्डावर लावा. प्रत्येकाने ज्या शिफ्टला अजिबात जमणार नाही अशा मोजक्या जागी फुली मारायची. कारण लिहायचं नाही. लोक फार प्रामाणिकपणे फुल्या मारतात. ज्या चौकोनांत कुणाचीच फुली नाही तिथे आधी माणसं भरा, फुल्यांची गर्दी असेल तिथे आळीपाळीने: यंदा ज्याने केलं त्याला पुढच्या वर्षी नाही. हा हिशेब सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर ठेवा. मुसलमान सहकारी बघतो की दिवाळीची रात्र मी केली आणि ईदची सकाळ हिंदू सहकाऱ्याने माझ्यासाठी केली. तुमच्या तोडग्यातला चांगला भाग, म्हणजे एकमेकांच्या सणाला सांभाळून घेणं, तो असा आपोआप घडतो. वरून लादला की त्याला वाटणीची कळा येते.

कार्निवलबद्दल. अ‍ॅश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीचे सोमवार-मंगळवार कायद्याने सुट्टीचे नाहीत, म्हणून याद्यांत सापडत नाहीत. प्रत्यक्षात शाळा, बँका, दुकानं बंद. सोमवारी पहाटे चारच्या सुमारास जूव्हेने सुरुवात होते, लोक अंगाला चिखल-रंग फासून रस्त्यावर उतरतात, आणि मंगळवारी रात्री बारापर्यंत देश दुसऱ्या कामाचा नसतो. तुमच्या कंपनीत ते दिवस कसे मोजतात, रजा म्हणून, सवलत म्हणून की कामाचे म्हणून, ते विचारून घ्या. कसेही मोजोत, तुमच्या तक्त्यात ते सुट्टीसारखेच मांडा. बुधवारची पहिली शिफ्टही. आणि सगळ्यांना कार्निवल हवाच असतो असंही नाही. बरेच पेंटेकोस्टल आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट त्या दिवसांत शिबिरांना जातात, काही जण घरीच बसतात. फुल्यांच्या तक्त्यात हेही दिसून येतं.

यादीत नसलेले पण लोकांना हवे असलेले दिवस आणखी आहेत: फगवा (होळी), शिवरात्र, बकरी ईद, सेंट जेम्स आणि सेड्रोसचा होसे, म्हणजे मोहरमचे ताजिये, आणि २ नोव्हेंबरची संध्याकाळ, जेव्हा कॅथलिक मंडळी कबरींवर मेणबत्त्या लावतात. यांसाठी माणसं आपली वार्षिक रजा वापरतात किंवा आपसांत शिफ्ट बदलतात. अदलाबदल करू द्या. फक्त ती लेखी असावी आणि दोन्ही माणसं त्या यंत्रावर काम करायला पात्र असावीत.

गणपतीही याच रांगेत. तिथल्या काही मंदिरांत गणेशोत्सव होतो, पण सार्वजनिक सुट्टी नाही, आणि नवीन माणसाला पहिल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रजा मिळणं प्रकल्पाच्या देखभालीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहील. चतुर्थी ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा यादरम्यान येते, म्हणजे ३१ ऑगस्ट आणि २४ सप्टेंबर या दोन सुट्ट्यांच्या आसपासच. प्रजासत्ताक दिनाला घरोघर ठरलेलं असं फारसं काही नसतं, तरी मिळालेली सुट्टी कुणाला नकोशी नसते. त्या दिवसाची शिफ्ट तुम्ही आपणहून मागून घ्या आणि चतुर्थीची सकाळ कुणाला तरी सांभाळायला सांगा. मात्र तक्ता नोव्हेंबरमध्ये लागेल तेव्हाच चतुर्थीच्या पहिल्या शिफ्टवर तुमचीही फुली मारा, बाकीच्यांसारखीच.